तीस लेबलं, एकच बिअर?

गेल्या अंकात या सदरात मी इडलीच्या पिठाच्या आंबण्याबद्दल लिहिलं होतं. माझी सगळी नोकरी तळोज्याच्या एमआयडीसीत, एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, असं एक वाक्य त्यात ओघाने येऊन गेलं. झालं. इडली राहिली बाजूला, पत्रं आली ती बाटलीची. तेव्हा हा अंक बाटलीचा. आमच्या सासूबाई नेरुळच्या बिल्डिंगीत सगळ्यांना "सून यीस्टच्या कंपनीत आहे" असं सांगायच्या, आणि त्यात तसूभरही खोटं नव्हतं.

प्रश्न : काकू, आम्ही चार मित्र. येत्या आषाढात रोज एक वेगळी बाटलीबंद बिअर प्यायची, वहीत मार्क द्यायचे आणि गटारीला निकाल लावायचा, असा बेत आहे. प्रत्येकाने आपापल्या घरी, एकच बाटली, जास्त नाही. बाटल्या कशा निवडायच्या? चव नोंदवायची कशी? माझं वय २७ आहे, हे आधीच सांगतो. (कोपरखैरणे)

उत्तर : बेत छान आहे, फक्त त्यातलं 'रोज' काढून टाक आणि 'आपापल्या घरी'ही काढून टाक.

आधी पंचांग बघ. आषाढ म्हटलं की आषाढी एकादशी आली, आणि त्या दिवशी ड्राय डे. म्हणजे अकराव्या तिथीलाच तुमची वही अडकते. आदल्या दिवशी आणून ठेवू म्हणशील. ठेवा. पण खरी अडचण दुकानात आहे.

ठाण्यातल्या किंवा वाशीतल्या बऱ्यापैकी बिअर शॉपीत तुला तीस लेबलं मिळतीलही. तीस वेगवेगळ्या बिअर मात्र मिळणार नाहीत. फ्रिजसमोर उभा राहून नीट बघ, बहुतेक सगळ्या सोनेरी लागर, म्हणजे थंडाव्यात हळूहळू आंबवलेली बिअर. या घराण्याचा मूळपुरुष १८४२ साली बोहेमियातल्या प्लझेन गावात जन्मला. बव्हेरियाहून बोलावलेल्या योसेफ ग्रोल नावाच्या माणसाने ती पहिली फिकट सोनेरी लागर काढली. पुढे १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि तेव्हापासून तीच बिअर, तशीच, पुन्हा पुन्हा काढणं शक्य झालं. (आम्लता मोजण्याचं पीएच हे मापही त्याच प्रयोगशाळेतलं, १९०९चं. आम्हा केमिस्ट लोकांचं ते देवघरच.) आपल्याकडे बार्लीच्या माल्टबरोबर (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य) तांदळाची कणी, मका किंवा साखरही घालतात. ती भेसळ नव्हे. बिअर अंगाने हलकी होते आणि स्वस्तही पडते. मग उरतो तो फरक माइल्ड आणि स्ट्राँगचा. सरकारी नियमाने ५ टक्के अल्कोहोलपर्यंत पहिली, त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत दुसरी. तुमच्या तिसातल्या बहुतेक बाटल्या या दोन खणांत जाऊन बसतील.

बाटली घेताना मोठं नाव वाचण्याआधी मागच्या लेबलवरचा बारीक पत्ता वाच. नाव डॅनिश असेल, डच असेल, अमेरिकन असेल. पत्ता बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगरचा किंवा तळोज्याचा निघेल. दुसऱ्या राज्यातली बाटली इथे आणायची तर कर आणि परवान्यांचं लचांड असतं, म्हणून मोठ्या कंपन्या महाराष्ट्रात विकायची ती महाराष्ट्रातच भरतात. एकाच कारखान्याच्या एकाच लाइनवर सकाळी एक लेबल आणि दुपारी दुसरं लागतं, यात काही गुपित नाही.

पत्त्यानंतर तारीख. माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची, आणि गिऱ्हाईक नेमकी हीच बघत नाही. बाटलीतली बिअर पाश्चराइझ केलेली असते. भरलेल्या, बूच मारलेल्या बाटल्या एका लांब बोगद्यातून गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली सरकत जातात, आतली बिअर साधारण ६० अंशांपर्यंत तापते, मग पुन्हा थंड होते. त्यामुळे ती नासत नाही. शिळी मात्र होते. आत राहिलेल्या एवढ्याशा हवेने तिला हळूहळू ओल्या पुठ्ठ्याचा वास येऊ लागतो, आणि उकाड्यात हे फार लवकर होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिळं होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो असं आम्ही धरून चालायचो. आता एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात पडलेली क्रेट डोळ्यांपुढे आण. तीच बिअर, तोच ब्रँड, एक दोन आठवड्यांची आणि एक पाच महिन्यांची, शेजारी ठेवून प्यायलास तर त्यांतला फरक दोन वेगळ्या ब्रँडच्या ताज्या बाटल्यांपेक्षा जास्त जाणवेल. तुमच्या वहीत एखादा ब्रँड नापास होईल तो बिचारा गोदामामुळे.

उजेडाचंही तसंच. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं. त्यांतला कडू घटक उजेडाने तुटतो आणि त्यातून गंधकाचं एक संयुग तयार होतं. लसूण आणि जळकं रबर यांच्या मधला तो वास नाकाला अगदी कणभर असला तरी लागतो. तपकिरी काच हा उजेड बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसा नाही, पारदर्शक जवळजवळ नाहीच. काही कारखाने पारदर्शक बाटलीसाठी हॉप्सचा मुद्दाम बदललेला अर्क वापरतात, त्याला हा त्रास होत नाही. पण हिरवी बाटली घेताना दुकानदाराला सांग, ट्यूबलाइटसमोरची नको, मागच्या रांगेतली काढ. तो वैतागेल. वैतागू दे.

आता चव. आज एक, उद्या एक अशी पिऊन मार्क द्यायचे, तर मार्क त्या दिवसाला मिळतात. सोमवारी तू ट्रेनमध्ये घामाघूम होऊन आलेला असतोस, पहिला थंड घोट अमृतच लागणार. बुधवारी सर्दी. शुक्रवारी आधी मिसळ खाल्लेली. जिभेची आठवण फार कच्ची असते; हापूस आणि पायरी एकाच ताटात असल्याशिवाय तुला तरी धड सांगता येईल का? म्हणून चौघे एकत्र बसा, आठवड्यातून एकदा, शनिवारी. लहान बाटल्या घ्या, ३३० मिलिच्या. चार प्रकारच्या चार बाटल्या चौघांत वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला मिळून एक लहान बाटली येते, आणि चव कळायला तेवढी भरपूर होते.

कारखान्यात आम्ही तीन पेल्यांची चाचणी करायचो. तीन सारखे पेले. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठल्यात काय ते ओतणाऱ्यालाच ठाऊक. चाखणाऱ्याने फक्त वेगळा पेला ओळखायचा, चांगली-वाईट नंतर. अंदाजाने बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतं, त्यामुळे एकदा जमलं म्हणून कॉलर ताठ करायची नाही, पेले बदलून पुन्हा करायची. आपल्या आवडीच्या दोन नामांकित माइल्ड लागर घेऊन हे कराच. "मी डोळे मिटून सांगतो" म्हणणारा तुमच्यातला जो कोणी असेल, त्याला पहिला बसवा.

पेले डिटर्जंटने घासले असतील तर भरपूर पाण्याने खळबळा. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसतो, आणि फेसाबरोबर वासही जातो. बिअर बर्फासारखी गार नको. फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटं थांबा; फार गार असली की जीभ बधिर होते आणि सगळ्याच बिअर सारख्या लागतात. (जाहिरातीत ती नेहमी गारेगारच असते, यावरून काय ते समज.) चखण्याला मसाला शेंगदाणे नकोत, चकली तर नकोच. साधा पाव, नाहीतर मुरमुरे, आणि पाणी. वाइन चाखणारे थुंकतात. आम्ही थोडी गिळायचो, कारण कडवटपणा घशापाशी गेल्यावरच नीट कळतो. आणि ही चाचणी जेवणाआधी, सकाळी अकराच्या सुमाराला चालायची. तुम्ही संध्याकाळी करा, पण पोट रिकामं नको.

वहीत 'भारी', 'बेकार' लिहू नका. वास कशाचा आला ते लिहा. उकडलेल्या मक्याच्या कणसाचा? लोण्याचा? हिरव्या सफरचंदाचा? लागरमध्ये हे दोष मानतात. पण गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये पिकलेलं केळं आणि लवंग आली तर तो गुण. ते यीस्टचंच काम असतं, केळं कुणी घालत नाही. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. ती पद्धत जवळपास मेली होती. हूगार्डन गावात पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. त्यामुळे एक शनिवार लागरचा, एक माइल्ड विरुद्ध स्ट्राँगचा, एक गव्हाचा, आणि एक कडू-काळ्याचा असा ठेवा. कडूमध्ये इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्स सढळ घातलेली फिकट बिअर, मिळाली तर जरूर घ्या. तिची पूर्वज, लंडनच्या होज्सन कारखान्याची बिअर, एकेकाळी आफ्रिकेच्या केपला वळसा घालून, महिनोन् महिने डुचमळत मुंबई-कलकत्त्याला यायची. हॉप्स सढळ असल्याने टिकायची. काळ्यात गिनेस घ्या. रंग बघून घाबरू नका, मूळ आयरिश गिनेसमध्ये अल्कोहोल फक्त ४.२ टक्के असतं, तुमच्या स्ट्राँगच्या जेमतेम निम्मं. काळेपणा भाजलेल्या बार्लीचा.

घरी परतताना बाइक नको. १०० मिलि रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल गेलं की कायद्याने गुन्हा, आणि पाम बीच रोड कायद्याचीही वाट बघत नाही. जिथे बसाल तिथेच झोपा.

'रोज' का नको, त्याचा हिशोब पुढच्या उत्तरात आहे. तोही वाच.

प्रश्न : आमच्या ह्यांनी ऑफिसातल्या कुणाचं ऐकून महिनाभर रोज नवी बिअर असं सुरू केलंय. वय ४६, बीपीची गोळी चालू, युरिक अॅसिड वाढलेलं. म्हणतात, "व्हिस्की सोडली ना, ही तर बार्लीचं पाणी." मोठी बाटली असते, वर स्ट्राँग लिहिलेलं. मुलगा दहावीत आहे. भांडावं की गप्प बसावं? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : ताई, भांडण नंतर. आधी त्यांच्यासमोर कागद घेऊन बसा. मोठी बाटली ६५० मिलि. त्यातले ८ टक्के म्हणजे ५२ मिलि शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिच्या एका लार्ज पेगमध्ये जवळपास २६ मिलि. म्हणजे 'बार्लीचं पाणी' असं म्हणून ते रोज रात्री दोन लार्ज पेग घेताहेत. तीस दिवसांचा गुणाकार केला तर दीड लिटरच्या वर शुद्ध अल्कोहोल, व्हिस्कीच्या ७५० मिलिच्या जवळजवळ पाच बाटल्या. व्हिस्कीच्या पाच बाटल्या महिन्यात एकट्याने संपवल्या असत्या, तर त्यांनाच ते जास्त वाटलं असतं. वर प्रत्येक बाटलीमागे साडेतीनशेच्या आसपास उष्मांक, ते वेगळेच.

युरिक अॅसिडला तर बिअर इतर दारूपेक्षाही वाईट. अल्कोहोलमुळे युरिक अॅसिड लघवीतून बाहेर पडायचं कमी होतं, आणि बिअरमध्ये यीस्ट व माल्टमधून आलेली प्युरिनं असतात, त्यांचंही शेवटी युरिक अॅसिडच होतं. पायाचा अंगठा एका रात्रीत टोमॅटोसारखा लाल होऊन ठणकायला लागला की तेव्हा बार्ली आठवणार नाही. बीपीवर रोजच्या दारूचा परिणाम वेगळा सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जानेवारीत स्पष्टच म्हटलंय की अल्कोहोलचं निर्धोक असं कोणतंही प्रमाण नाही. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात तर ते १९८८ पासून आहे. ज्या धंद्यात माझं घर चाललं, त्याबद्दल हे लिहायला मला जड जात नाही. कारखान्यात काम करणाऱ्यांना हे बाहेरच्यांपेक्षा आधी कळतं.

त्यांना म्हणा, रिकामी बाटली पिशवीत घालून डॉक्टरांकडे चला आणि लेबल त्यांना दाखवा. गोळी लिहून देणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं. आणि तीन गोष्टींवर लक्ष ठेवा : एखाद्या दिवशी बाटली नसली तर चिडचिड होते का, झोप उडते का, हात थरथरतात का. तसं होत असेल तर एकदम बंद करायला लावू नका, तेही धोक्याचं असतं. डॉक्टरांच्या सल्ल्यानेच कमी करायचं. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, तिथे घरच्या माणसांशीही बोलतात. तसं काही होत नसेल, नुसती हौसच असेल, तर वरचं कोपरखैरणेच्या मुलाला दिलेलं उत्तर त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवा. शनिवारी एक लहान बाटली, तीही डॉक्टर हो म्हणाले तर. दहावीचा मुलगा बापाच्या हातातली वही बघत असतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण पत्र त्यासाठीच आहे ना?

प्रश्न : बिअरमध्ये ग्लिसरीन असतं, म्हणून आमच्या ग्रुपमध्ये बाटली उघडून पाण्याच्या ग्लासात उलटी धरतात. खाली तेलकट धार उतरताना स्पष्ट दिसते. मग हे ग्लिसरीन किती काढावं? (कळवा)

उत्तर : काहीच काढू नका, कारण काढण्यासारखं तिथे काही नाही. यीस्ट आंबवताना थोडं ग्लिसरीन स्वतःच तयार करतं, ते बिअरमध्ये पूर्ण विरघळलेलं असतं. अशा उलट्या बाटलीतून ते वेगळं होऊन निघत नाही. तुम्हाला दिसते ती धार बिअरचीच. न आंबलेल्या थोड्या साखरेमुळे बिअर पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून ती खाली उतरते, आणि दोन्ही द्रवांतून उजेड वेगवेगळा वळतो म्हणून धार तेलकट दिसते. साखरेचं पाणी साध्या पाण्यात सोडून बघा, हुबेहूब तेच दिसेल. जेवढी बिअर खाली येते तेवढं पाणी बाटलीत वर चढतं. म्हणजे पूर्ण पैसे मोजून तुम्ही तिच्यात कळव्याच्या नळाचं पाणी भरताय.

प्रश्न : बाटलीच्या पोटावर पांढरट घासल्याचं कडं असतं. असा माल डुप्लिकेट समजावा का? (ऐरोली)

उत्तर : नाही. बाटली जुनी आहे, माल नवा. रिकाम्या बाटल्या कारखान्यात परत येतात, गरम कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात धुतल्या जातात, तपासून पुन्हा भरल्या जातात. लाइनवर एकमेकींना घासून घासून हे कडं पडतं; ते जितकं रुंद, तितक्या त्या बाटलीच्या फेऱ्या जास्त. संशय घ्यायचाच तर बुचाचा घ्या. एकवीस दाते सारखे दाबलेले हवेत, कडेला गंज नको. बाटली उभी धरून तळाशी तरंगणारं काही दिसलं तर परत करा. गव्हाची बिअर तेवढी गढूळ असते, तिला सोडून.

प्रश्न : खारघर दारूमुक्त राहावं म्हणून आम्ही रहिवासी वर्षानुवर्षं झगडतोय, आणि तुम्ही बिअर कशी चाखावी ते शिकवणार? (खारघर)

उत्तर : तुमचा झगडा योग्य आहे. आपल्या दारात दुकान असावं की नाही हे रहिवाशांनीच ठरवायचं. गावोगावच्या बायकांनी मतपत्रिकेवरची आडवी बाटली निवडून दुकानं बंद पाडली, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण विचारणारा विचारतो ते प्यायचं ठरवूनच. त्याला "पिऊ नकोस" एवढंच छापून पाठवलं तर तो अंक मिटून बिअर शॉपीत जाईल. तिसाऐवजी चार दिवस, आणि मोठ्या बाटलीऐवजी लहान, एवढं त्याने ऐकलं तरी पुष्कळ.

प्रश्न : मुतखड्यावर बिअर चालते ना? आमच्या सोसायटीत सगळे सांगतात. (कोपरी, ठाणे)

उत्तर : लघवी जास्त होते, एवढंच खरं. अल्कोहोल शरीरातलं पाणी धरून ठेवणारं संप्रेरक दाबतं, म्हणून सारखं उठावं लागतं, आणि नंतर शरीर कोरडं पडतं, जे मुतखडेवाल्याला मुळीच नको असतं. खडा बिअरने विरघळत नाही. पाणी प्या, सोनोग्राफी करा, सोसायटीला डॉक्टरकी करू देऊ नका.

प्रश्न : पाहुणे आले की बाटली लवकर गार करायला फ्रीझरमध्ये ठेवतो. एकदा फुटली. (सीवूड्स)

उत्तर : पाणी गोठताना फुगतं, काच फुगत नाही. त्यापेक्षा पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, बाटली त्यात उभी ठेवा. पाव तासात गार होते.

प्रश्न : रिकाम्या बाटल्यांचं काय करावं? ओल्या कचऱ्यात की सुक्या? (घणसोली)

उत्तर : कुठल्याच नाही. भंगारवाल्याला द्या, त्याच्याकडून त्या फिरून कारखान्यात जातात. फोडू नका, विसळून द्या. आणि सिगरेटची थोटकं बाटलीत टाकू नका. भिजलेलं थोटूक आतल्या काचेला चिकटतं, धुण्याच्या यंत्रातून तसंच बाहेर येतं, मग ती बाटली लाइनवरून बाजूला काढावी लागते. हे काम आमच्याकडे ज्या बायका करायच्या, त्या दिवसभर उजेडासमोर बाटल्या धरून बसलेल्या असायच्या. तेवढं ग्रुपवर टाका.